सातारा–कोरेगाव, दहा हजार वेळा: प्रवासाच्या नोंदींचं पोस्टर कसं बनतं

आई जून १९९६ ते मे २०२२ अशी सव्वीस वर्षं साताऱ्याहून कोरेगावला शाळेत शिकवायला जात होती. सकाळी स्टँडवरून एसटी, माहुलीला कृष्णा ओलांडली की जरंडेश्वराचा डोंगर, मग त्रिपुटी, मग कोरेगाव. दुपार सरली की हेच सगळं उलट क्रमाने. ती निवृत्त झाली तेव्हापासून माझ्या मनात होतं, की या जाण्यायेण्याचं भिंतीवर लावता येईल असं काहीतरी तिला करून द्यायचं.

मी साताऱ्यात डीटीपी आणि डिझाइनचं काम करते. अलीकडे लग्नपत्रिकांच्या जोडीला एक वेगळंच काम यायला लागलंय. लोक फोन पुढे करतात आणि म्हणतात, यात आमची लडाखची ट्रिप आहे, याचं पोस्टर करून द्या. कुणाची पायी वारी असते, कुणाची यवतेश्वरच्या घाटातली पहिली मोठी धाव. बहुतेकांना वाटतं, फोनमध्ये चित्र तयारच असतं आणि मी ते फक्त छापायचं. फोनमध्ये असतात नुसते आकडे. त्यांचं चित्र कसं होतं ते इथे सांगते. आईच्या पोस्टरकडे शेवटी येईन, कारण तिच्या प्रवासाने माझे सगळे ठोकताळे मोडले.

फोनने साठवलेली प्रवासाची फाईल उघडली तर अशा ओळी दिसतात: अक्षांश १७.६८५६०, रेखांश ७३.९९३१०, समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि वेळ. एवढंच. पुढच्या ओळीत एक-दोन सेकंदांनंतरचे हेच चार आकडे. तासाभराच्या फिरण्यात अशा हजारो ओळी जमतात. त्या फाईलला रस्ता, पूल, घाट यातलं काही माहीत नसतं. तिला फक्त माहीत असतं, की अमुक वेळी तुम्ही अमुक ठिपक्यावर होता.

हा ठिपका येतो उपग्रहांकडून. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि सतत आपली वेळ सांगत राहतात. ती हाक फोनपर्यंत यायला किती उशीर लागला यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो, आणि किमान चार उपग्रहांच्या अंतरांवरून स्वतःची जागा ठरवतो. हाक प्रकाशाच्या वेगाने येते. वेळेत एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी जागा ३०० मीटरने चुकते. उघड्या माळावर चांगल्या फोनचा ठिपका साधारण पाच मीटरच्या आत बसतो. घाटात कड्याला लागून चालताना, किंवा गावातल्या उंच इमारतींमध्ये, हाक भिंतीवर आपटून फिरून येते आणि ठिपका भलतीकडे पडतो. अक्षांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवरचं जेमतेम एक मीटर. त्यामुळे फोनने पुढे आठ आकडे दाखवले तरी पाचव्यानंतरचे आकडे सोडून द्यावेत.

आता या नोंदी हातात घ्यायच्या कशा? धावण्याच्या किंवा सायकलच्या ॲपमधून जीपीएक्स नावाची फाईल मिळते, ती सर्वांत सोपी. गूगल मॅप्सची टाइमलाइन वापरत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२४ पासून गूगलने या नोंदी आपल्या सर्व्हरवरून काढून ज्याच्या-त्याच्या फोनवर ठेवायला सुरुवात केली. त्यामुळे बॅकअप चालू नसेल आणि फोन बदलला किंवा हरवला, तर त्यातली वर्षंच्या वर्षं जातात. फोनच्या सेटिंगमध्ये लोकेशनच्या भागात टाइमलाइनची फाईल बाहेर काढायची सोय असते. पोस्टर करायचं असो वा नसो, ती फाईल एकदा काढून संगणकावर ठेवाच.

जीपीएक्स फाईलमधली वेळ आपल्या घड्याळाची नसते, जागतिक प्रमाणवेळेची असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला निघालेला माणूस फाईलमध्ये आदल्या दिवशी रात्री साडेअकराला निघालेला दिसतो. पोस्टरवर तारीख छापायची असेल तर हे आधी दुरुस्त करावं लागतं. गुढीपाडव्याला काढलेल्या गाडीच्या पहिल्या प्रवासावर अमावास्येची तारीख आली, तर ती भिंतीवर कायमची राहते.

पुढचं काम सफाईचं. एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जायला लागलेला वेळ आणि त्यांच्यातलं अंतर बघायचं. दहा सेकंदांत दोन किलोमीटर, म्हणजे ताशी ७२० किलोमीटर. मोटारसायकल एवढी पळत नाही, म्हणून तो ठिपका काढून टाकायचा. चहाला थांबलात तिथे उलटी गंमत होते. तुम्ही बाकावर बसलेले असता, पण ठिपका पाच-दहा मीटर इकडेतिकडे सरकत राहतो आणि नकाशावर मांजराने खेळलेल्या लोकरीसारखा गुंता होतो. तो गुंता पुसायचा आणि तिथे एकच ठिपका ठेवायचा. मी मात्र किती वेळ थांबलात तो आकडा जपून ठेवते. पुढे त्या जागी कपबशीचं चित्र काढायचं की नाही, ते तो आकडा ठरवतो.

आता कागदावर मांडणी. अक्षांश-रेखांश हे गोल पृथ्वीवरचे आकडे आहेत आणि कागद सपाट आहे. उत्तर-दक्षिण एक अंश म्हणजे कुठेही साधारण १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र जागेप्रमाणे बदलतो, कारण रेखांशाच्या रेषा संत्र्याच्या फोडींसारख्या ध्रुवाकडे निमुळत्या होत जातात. साताऱ्याजवळ तो सुमारे १०६ किलोमीटर भरतो, कन्याकुमारीला ११०, लेहजवळ ९२. हे न बघता सगळे अंश सारखे धरून चित्र काढलं, तर साताऱ्यापुरतं ते पाच टक्के आडवं ताणलं जाईल. ते कुणाच्या लक्षातही येणार नाही. लडाख मात्र चांगलंच फुगेल. नकाशाची सॉफ्टवेअरं हा हिशोब स्वतःच करतात. क्यूजीआयएस हे मोफत आहे आणि त्यात गोल पृथ्वी कागदावर सपाट करायची कुठली पद्धत वापरायची ते निवडता येतं. खाली रस्ते आणि नद्या हव्या असतील तर ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घ्यावा. २००४ पासून जगभरच्या लोकांनी मिळून केलेला हा नकाशा आहे आणि श्रेय छापण्याच्या अटीवर कुणालाही वापरता येतो. मी पोस्टरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात तो उल्लेख न चुकता करते.

आता कासचं उदाहरण घेते, कारण या कामातला खरा पेच घाटातच समजतो. एका ताईंना सातारा ते कास सायकलप्रवासाचं पोस्टर हवं होतं. रस्ता पंचवीसेक किलोमीटरचा, पण सरळ रेषेत अंतर १८ किलोमीटरच्या आसपास. ए-थ्री कागद आडवा धरला आणि समास सोडले की ३६ सेंटिमीटर हाती उरतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५० मीटर. यवतेश्वरच्या घाटात वळणाच्या वरचा रस्ता आणि खालचा रस्ता यांच्यात ५० मीटर अंतर असेल, तर कागदावर ते एक मिलिमीटर होतं. आणि पोस्टर लांबून दिसावं म्हणून रेघ जाड ठेवली एक मिलिमीटरची, तर दोन्ही रेघा एकमेकींना चिकटून वळण गायब.

त्यातून ठिपक्यांची संख्या कमी करण्याची नेहमीची रीत वापरली की घाट आणखीच सपाट होतो. ही रीत डग्लस आणि प्यूकर या दोघांच्या नावाने ओळखली जाते, १९७३ साली त्यांनी ती मांडली. मार्गाच्या पहिल्या आणि शेवटच्या ठिपक्यात दोरी ताणून बांधली आहे असं समजा. मधल्या सगळ्या ठिपक्यांत दोरीपासून सर्वांत लांब कोणता, ते बघा. तो ठरवलेल्या अंतरापेक्षा लांब असेल तर तिथे खुंटी ठोका आणि दोरी त्या खुंटीवरून घ्या. आता दोन तुकडे झाले, प्रत्येकावर पुन्हा तेच. जे ठिपके दोरीच्या अगदी जवळ राहिले ते काढून टाका. पाच हजार ठिपक्यांचे तीनशे होतात आणि आकार तोच राहतो. मात्र ते ‘ठरवलेलं अंतर’ १०० मीटर ठेवलं, तर घाटातली ५० मीटरची वळणं दोरीच्या जवळची म्हणून पुसली जातात. ताईंच्या पोस्टरचा माझा पहिला कच्चा आराखडा असाच आला होता. त्या बघून म्हणाल्या, “यात माझा घाट कुठंय?”

नकाशे काढणारे यावर फार पूर्वीपासून एक उपाय करत आलेत: महत्त्वाची गोष्ट मापापेक्षा मोठी काढायची. नकाशावर रस्ता असतोच मुळी खऱ्यापेक्षा कितीतरी रुंद. म्हणून मी घाटातली वळणं हाताने फाकवली. दोन वळणं एकत्र करून त्यांचं एक केलं, उरलेल्यांना हवा दिली. माप तिथे खोटं झालं, पण चढताना पायांनी जे मोजलं ते खरं उतरलं. पोस्टर बघून कुणी रस्ता शोधत नाही. त्यामुळे हा बदल मला मंजूर आहे, फक्त तो समजून-उमजून केलेला असावा.

उंचीचंही तसंच. साताऱ्यापासून कासच्या पठारापर्यंत ढोबळमानाने ५०० मीटरचा चढ धरला, तर त्याच मापात तो कागदावर एक सेंटिमीटर होतो. पंचवीस किलोमीटर दमून आलेल्या माणसाला एक सेंटिमीटरचा उंचवटा दाखवणं बरोबर नाही. उभं माप पाचपट करायचं आणि तसं बारीक अक्षरात लिहायचं. फोनची उंची मात्र जपून वापरा. ती जागेपेक्षाही जास्त हलते, आणि ते सगळे हेलकावे बेरजेत चढ म्हणून धरले जातात. उंची हवी तर फोनचे ठिपके घेऊन ती भूप्रदेशाच्या मोजणीतून घ्यावी. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीच्या मोठ्या भागाची उंची मोजली. ते आकडे आज मोफत मिळतात.

चित्रांबद्दल माझं मत ठाम आहे: थोडी काढा आणि त्या माणसाने स्वतः बघितलेलीच काढा. कास म्हटलं की सगळी फुलं एका कागदावर कोंबायचा मोह होतो. ताईंना विचारलं तर त्यांना आठवत होती पिवळी सोनकी, तेरडा आणि धुक्यात न दिसलेला तलाव. तेवढंच काढलं. तलावाच्या जागी पांढरं सोडलं.

अक्षरांकडे फार लक्ष द्या. इंग्रजी पोस्टरांची नक्कल करून अक्षरांमध्ये अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि ‘यवतेश्वर’ हा शब्द दात पडल्यासारखा दिसतो. गावाचं नाव रस्त्याच्या वळणावर वाकवून लिहायला गेलात तरी तेच. नाव सरळ लिहा, जरा मोठं लिहा, वरच्या मात्रेला आणि खालच्या उकाराला जागा द्या. ‘मुक्त’सारखे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात.

आणि घराचा ठिपका छापू नका. हे मी प्रत्येकाला सांगते. रोजची धाव जिथे सुरू होते आणि संपते, ते घर असतं, आणि वेळेवरून घर रिकामं कधी असतं तेही कळतं. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये स्ट्राव्हा या ॲपने जगभरच्या धावण्या-सायकलींचा एक उजळ नकाशा प्रसिद्ध केला. दोनच महिन्यांत लोकांच्या लक्षात आलं, की वाळवंटात मधेच उजळलेले चौकोन हे सैनिकी तळ आहेत, कारण सैनिक तळाच्या कडेकडेने पळत होते. कुणाचंही नाव नसताना एवढं समजलं. म्हणून रेघेची दोन्ही टोकं अर्धा-एक किलोमीटर कापा. घराभोवती नेमकं वर्तुळ काढून तेवढाच भाग पुसणं मात्र टाळा, कारण कापलेल्या कडा जुळवल्या की वर्तुळाचा मध्य सापडतो आणि मध्यावर घर असतं. पोवई नाक्यापासून किंवा राजवाड्यापासून सुरुवात दाखवली की काम भागतं.

आता आईकडे येते. सुट्ट्या, रजा आणि कोरोनाची वर्षं वजा केली तरी जाऊन-येऊन दहा हजारांच्या वर फेऱ्या होतात. साधारण वीस किलोमीटरची एक, म्हणजे दोन लाख किलोमीटर, पृथ्वीला पाच प्रदक्षिणा. आणि नकाशावर काय? वीस किलोमीटरची एक रेघ. परवा मोटारसायकलवर एकदाच जाऊन आलेल्या मुलाची रेघही तशीच दिसते.

पहिला विचार आला तो पारदर्शक रेघेचा. प्रत्येक फेरी दहा टक्के गडद काढायची, म्हणजे वरचेवर गेलेला रस्ता आपोआप गडद होईल. गावात फिरणाऱ्यांच्या पोस्टरला हे छान दिसतं. पण हिशोब केला तर दहा फेऱ्यांत रेघ ६५ टक्के गडद होते आणि चव्वेचाळिसाव्या फेरीला ९९ टक्के. म्हणजे आईची रेघ शाळेच्या पहिल्या महिन्यातच काळी झाली असती. पुढच्या सव्वीस वर्षांना शाईच उरत नाही.

मग जाडी. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली नेपोलियनच्या १८१२च्या रशिया मोहिमेचा एक नकाशा काढला. त्यात सैन्याची वाट हा पट्टा आहे, आणि एक मिलिमीटर रुंदी म्हणजे दहा हजार माणसं. जाताना ४,२२,००० माणसांचा रुंद पट्टा, परत येताना १०,००० माणसांचा दोरा. ते बघून पोटात खड्डा पडतो. शंभर फेऱ्यांना एक मिलिमीटर धरला तर आईचा पट्टा दहा सेंटिमीटरचा होतो. माहुली, त्रिपुटी, जरंडेश्वर सगळं त्याखाली जातं. शिवाय मिनारचा पट्टा बोलतो तो बारीक होत जातो म्हणून. आईचा पट्टा स्टँडपासून कोरेगावपर्यंत सारखाच असता.

लंडनच्या भुयारी रेल्वेचा १९३३ साली छापलेला हॅरी बेकचा नकाशा मला इथे उपयोगी पडला. गाडीत बसलेल्याला वरचा रस्ता कसा वळतो याच्याशी देणंघेणं नसतं, हे ओळखून त्याने भूगोल बाजूला ठेवला आणि सरळ रेघा काढल्या. आईच्या प्रवासात तर जागा बदलतच नव्हती. बदलत होता दिवस. म्हणून मी जागा काढूनच टाकली आणि कागदावर दिवस मांडले.

ए-टू कागद आडवा. सव्वीस ओळी, एका वर्षाला एक. ओळीत ३६५ दिवस, प्रत्येकाला सव्वा मिलिमीटरहून थोडी जास्त जागा. शाळेत गेली त्या दिवशी एक उभी रेघ, नाही गेली तर कोरी जागा. एसटीने गेली तर लाल, वडापने म्हणजे खासगी प्रवासी गाडीने गेली तर राखाडी. नोंदी कुठून आणल्या? आईच्या फोनमध्ये काही नव्हतं. पण घरखर्चाच्या वह्या होत्या, दर महिन्याला ‘पास’ लिहिलेला आणि बस चुकली त्या दिवशी ‘वडाप’. रजांचा हिशोब शिक्षकांकडे असतोच. पंचांगाची कॅलेंडरं तिने सणवारांच्या खुणांसकट जपली होती. तीन गोष्टी एकमेकींवर ठेवल्या आणि दिवस भरत गेले.

वर्ष मी जानेवारीपासून सुरू केलं नाही, जूनमध्ये शाळा उघडते तिथून केलं. त्यामुळे मे महिन्याची सुट्टी उजव्या टोकाला सगळ्या ओळींमध्ये एकाखाली एक आली, भिंतीत दार असावं तशी. रविवारांच्या कोऱ्या जागा पुढच्या वर्षी एक-एक दिवस मागे सरकतात, कारण ३६५ दिवसांत बावन्न आठवडे होऊन एक दिवस उरतो. लीप वर्षाला त्या दोन दिवस सरकतात. म्हणून पूर्ण कागदभर तिरके पट्टे उमटले, विणलेल्या कापडासारखे. आणि दिवाळीची सुट्टी! ती कधी ऑक्टोबरच्या मध्याला, कधी नोव्हेंबरच्या मध्याकडे. दोन-तीन वर्षं ती अकरा-अकरा दिवसांनी अलीकडे येते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. वरून खाली बघितलं तर ती कोरी वाट नदीसारखी वळत गेली होती. मी ती काढली नव्हती. नोंदींमध्येच होती, फक्त दिवस ओळीत लागायची वाट बघत होती.

खाली २०२० चा मार्च आला आणि लाल रंग थांबला. मोठी कोरी जागा, तिच्यात तुरळक रेघा. शेवटच्या ओळीत २०२१ च्या दिवाळीपासून एप्रिलपर्यंत सगळं राखाडी. तो एसटीचा संप.

छपाईआधी साध्या कागदावर एक प्रत काढून आईला दाखवली. पडद्यावरचा भडक लाल कागदावर मंद होतो, ते बघायला प्रत काढावी लागतेच. तिने चष्मा लावला आणि एक-एक ओळ बोटाने वाचायला लागली. दहाव्या ओळीवर, २००५ च्या पावसाळ्यात थांबली.

“हे कोरं का ठेवलंस?”

“रजा नाही, पण वहीत वडापही नाही. पावसाची सुट्टी असेल म्हणून.”

“सुट्टी नव्हती गं. गेले होते मी. पुढं रस्त्यावर पाणी आलं, गाडी मध्येच वळवली. तासभर बसून परत आलो सगळे.” थोडा वेळ ती बघत राहिली. “ही अर्धी काढ.”

अर्धी रेघ माझ्या आराखड्यात नव्हती. गेली किंवा नाही गेली, एवढंच होतं. आईने त्या संध्याकाळी वह्या पुन्हा मांडीवर घेतल्या आणि शोधून शोधून असे सात दिवस काढले. त्या सात अर्ध्या रेघा काढून मगच फाईल छपाईला दिली.